डिव्हाइड बाय झीरो आणि भास्कराचार्य

सुरुवातीलाच एक डिक्लरेशन देऊन टाकते. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. बोलताना माझं मराठी फर्स्ट क्लास (कोल्हापूरकडची असल्यामुळे जरा ठसक्याचंच), पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाचे कंपाइल टाइम एरर्स सुरू होतात. ते मराठी विभागाच्या संपादकांनी दुरुस्त केले आहेत. उरलेले रनटाइम एरर्स माझे.

तर झालं असं. मागच्या सेमिस्टरला जावाची ओरल होती. एक्स्टर्नल सर वयस्कर, शांत, माझं जर्नल उलटसुलट चाळत बसलेले. त्यांनी एक्सेप्शन हँडलिंग म्हणजे काय ते विचारलं. ते पाठच होतं, धडाधडा सांगितलं. मग म्हणाले, रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण द्या. आमच्या बॅचचे बरेच जण इथे एटीएमचं उदाहरण देऊन मोकळे झाले होते. मला मात्र एकदम वाडी आठवली.

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, माझं आजोळ. कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात तिथे घाटावरच दत्ताचं देऊळ आहे. ज्यांना वाडी फक्त पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीसाठी माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, पावसाळ्यात हे देऊळ दरवर्षी पाण्यात जातं. कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे सुरू राहते. पाणी उतरलं की गाळ काढायचा, देऊळ धुवायचं आणि मूर्ती परत खाली आणायची. पूर आला म्हणून पूजा बंद, असं होत नाही. मी सरांना म्हटलं की देवळातली रोजची पूजा हा आमचा ट्राय ब्लॉक, पाणी चढणं हे एक्सेप्शन, नारायणस्वामींचं मंदिर हा कॅच आणि गाळ काढणं म्हणजे फायनली.

सर हसले. खूश झाले असावेत, कारण त्यांनी मला सोडलं नाही. शून्याने भागलं तर काय होतं ते विचारलं. मी अरिथमेटिक एक्सेप्शन म्हणाले. मग विचारलं, भास्कराचार्यांनी याचं उत्तर काय दिलं होतं? मला भास्कराचार्य म्हणजे फक्त १९७९ साली सोडलेल्या भास्कर उपग्रहाचं नाव म्हणून ठाऊक होते, तेही क्विझच्या तयारीमुळे. गप्प बसले. सरांनी मार्क चांगले दिले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. मेसमध्ये जेवताना विचारलं तर एकीने सांगितलं की सगळं कॅल्क्युलस त्यांनीच शोधलं आणि दुसरीने सांगितलं की ही सगळी फॉरवर्ड केलेली थापेबाजी असते. दोघींनीही त्यांचं काही वाचलेलं नव्हतं. मग सुट्टीत मी लीलावतीचं मराठी भाषांतर मिळवलं आणि वाडीला आज्जीकडे जाऊन बसले. पुढचं सगळं त्या सुट्टीतलं आहे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींसाठी आधी दोन ओळी. प्रोग्रॅम लिहिताना स्पेलिंग चुकलं, सेमीकोलन राहिला, तर कंपायलर तिथेच हटकतो. ती चूक सोपी. रनटाइम एरर ही वेगळी जात आहे. प्रोग्रॅम व्याकरणाने शुद्ध असतो, महिनोन्‌महिने नीट चालतो आणि एके दिवशी कुणीतरी विद्यार्थीसंख्येच्या जागी शून्य टाकतं. सरासरी काढायला शून्याने भागायची वेळ येते आणि सगळं कोसळतं. १९९७ साली अमेरिकेच्या नौदलाची यॉर्कटाउन नावाची युद्धनौका अशीच भर समुद्रात काही तास बंद पडली होती. एका खलाशाने डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य भरलं, कुठल्या तरी प्रोग्रॅमने त्याने भागलं आणि जहाजाचं इंजिन चालवणारी सगळी यंत्रणाच झोपली. शून्य भरलं तर काय करायचं, हे आधी कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आता भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. हे त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलं आहे, त्यामुळे वाद नाही. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. गाव विज्जलविड, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेलं. आता हे विज्जलविड म्हणजे नेमकं कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही, पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात मोठा पुरावा सापडतो तो आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी. त्याबद्दल पुढे.

छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती (अंकगणित आणि भूमिती), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शिवाय त्यावर स्वतःच टीका लिहिली, म्हणजे सोर्स कोडसोबत डॉक्युमेंटेशनही. (आमच्यापैकी किती जण कॉमेंट्स लिहितात ते लॅबच्या सरांना विचारा.) पुढे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, करणकुतूहल नावाचा आणखी एक ग्रंथ लिहिला, ज्यात पंचांग करणाऱ्यांसाठी ग्रहांची गणितं सोपी करून दिली आहेत. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाइन की सेव्हन्टी-नाइन हे मला आज्जीला विचारावं लागलं. तिने कपाळावर हात मारला.

शून्याने भागायचं काय, हा प्रश्न भास्कराचार्यांना नवा नव्हता. त्यांच्याआधी सुमारे पाचशे वर्षं, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी शून्याचे नियम लिहिले होते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं बरोबर. भागाकाराशी आल्यावर मात्र गाडी अडली. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असं त्यांनी लिहून टाकलं. नवव्या शतकात कर्नाटकातल्या महावीराचार्यांनी सांगितलं की शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते. याला आमच्या भाषेत एक्सेप्शन दाबून टाकणं म्हणतात. एरर आली, पकडली, काहीतरी उत्तर परत केलं आणि प्रोग्रॅम पुढे चालू. बाहेरून कुणाला कळतही नाही.

भास्कराचार्यांनी तसं केलं नाही. ज्या राशीच्या छेदात शून्य आलं तिला त्यांनी वेगळं नावच दिलं, खहर. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. तीन भागिले शून्य ही साधी संख्या नव्हे, ही वेगळ्या जातीची वस्तू आहे, तिचं मोल अनंत आहे आणि तिला वेगळे नियम लागतात, असं ते म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा किंवा तिच्यातून कितीही काढा, फरक पडत नाही. हे समजावताना ते विष्णूचा दाखला देतात, की प्रलयात सगळे जीव त्याच्यात जातात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, तरी तो तेवढाच राहतो.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप उघडला. जावामध्ये पूर्णांक प्रकारात पाच भागिले शून्य केलं तर प्रोग्रॅम अरिथमेटिक एक्सेप्शन फेकून मरतो. पण तेच डबल प्रकारात, म्हणजे दशांश संख्या घेऊन केलं, तर प्रोग्रॅम मरत नाही. तो स्क्रीनवर इन्फिनिटी असं छापतो. त्यात हजार मिळवले, इन्फिनिटी. लाख वजा केले, इन्फिनिटी. हा नियम १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या स्टँडर्डमधला आहे आणि आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर तो पाळतो. मी आज्जीला बोलावून स्क्रीन दाखवला. ती म्हणाली, मग यात नवीन काय, आत्ता तूच वाचून दाखवलंस की.

पण थांबा. लगेच मेसमधल्या पहिल्या मैत्रिणीच्या बाजूने जाऊ नका. लीलावतीत एक गणित आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात तिचंच निम्मं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं आणि उत्तर ६३ आलं, तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचं उत्तर १४. जावाला हेच करायला सांगितलं तर तो म्हणतो नॅन, म्हणजे नॉट अ नंबर, ही संख्याच नाही. कारण उघड आहे. शून्याने गुणल्याबरोबर चौदाचं शून्य झालं, मूळ संख्या पुसली गेली, आता ती परत कुठून आणणार? चौदाच्या जागी वीस असते तरी शून्यच झालं असतं.

भास्कराचार्यांचं म्हणणं असं, की पुढे काही क्रिया बाकी असतील तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करू नका. तिला शून्याचा गुणक चिकटवून तशीच ठेवा. पुढे शून्याचा भागाकार आला तर दोन्ही शून्यं जातील आणि संख्या जशीच्या तशी मिळेल. म्हणजे चौदा अधिक सात एकवीस, त्रिक त्रेसष्ट. आजच्या काटेकोर अंकगणितात हे बसत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण शून्याच्या जागी अगदी बारीक, शून्याकडे सरकणारी राशी धरली, म्हणजे फर्स्ट इयरला शिकलो ते लिमिट, तर उत्तर चौदाच येतं. आणि या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असं ते स्वतः सांगतात. तिथे त्यांनी ग्रहाची त्या-त्या क्षणाची गती, तात्कालिक गती, काढली आहे, म्हणजे बारीक अंतर भागिले बारीक वेळ. हे कॅल्क्युलस नव्हे. पण कॅल्क्युलस ज्या दाराने आत येतं त्या दाराशी माणूस उभा होता एवढं नक्की, आणि माझ्या मते एवढं पुरेसं आहे. उगाच फुगवून सांगितलं की खरं होतं तेही लोक खोटं धरतात.

शून्य सोडलं तरी या माणसाला चुकीच्या इनपुटची भारी आवड होती असं दिसतं. लीलावतीत भूमिती सुरू होताच ते एक आडमुठं उदाहरण घालतात. चौकोनाच्या बाजू ३, ६, २ आणि १२. त्रिकोणाच्या बाजू ३, ६ आणि ९. क्षेत्रफळ काढा. आम्ही असतो तर फॉर्म्युल्यात आकडे घातले असते. ते म्हणतात, ही आकृतीच नाही, हे अक्षेत्र. एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर आकृती मिटतच नाही. पटत नसेल तर त्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन मांडून बघा. मी मांडल्या, आज्जीच्या खराट्याच्या. तीन, सहा आणि नऊवाला त्रिकोण सपाट होऊन आडवा पडतो. सांगायचं म्हणजे, गणित सुरू करण्याआधी इनपुट तपासा. आमच्या मिनी प्रोजेक्टला मॅडमनी लाल शाईत हेच लिहिलं होतं.

चौकोनाच्या बाबतीत तर त्यांना रागच येतो. नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, कारण कोपरे दाबले की तो चेपतो, बाजू त्याच राहतात आणि क्षेत्रफळ बदलतं. एखादा कर्ण किंवा लंब तरी द्यायलाच हवा. तो न देता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. (सिव्हिलवाल्यांनो, डायगोनल ब्रेसिंग आठवा.) अपुरा डेटा घेऊन ठोकून उत्तर देणारा प्रोग्रॅम हा न देणाऱ्यापेक्षा वाईट, हे नऊशे वर्षांपूर्वी एवढ्या तिखट शब्दांत लिहिलेलं बघून मला फार बरं वाटलं.

आणखी एक आवडलेलं. बीजगणितात माकडांचं गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, त्याचा वर्ग झाला तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसतं, तर एकूण किती? वर्गसमीकरण आहे, दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण पाच घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे काढणार? वजा दोन माकडं. म्हणून पाच सोडून द्यायचं, असली ऋण गोष्ट लोकांना पटत नाही, असं ते सांगतात. दुसऱ्या एका त्रिकोणात मात्र (बाजू १० आणि १७, पाया ९) पायाचा एक तुकडा ऋण सहा येतो, तेव्हा ते तो टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट्या दिशेला, लंब पायाच्या बाहेर पडतो आहे, असा अर्थ लावतात आणि उंची ८ काढून दाखवतात. दोन्हीकडे ऋण उत्तर, पण एकीकडे ते नाकारलं आणि एकीकडे वापरलं. उत्तराला अर्थ आहे की नाही ते प्रश्न बघून ठरवलं. सगळ्या एरर्सना एकच कॅच ब्लॉक लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी इथे मान खाली घालावी.

पंचांगाचं थोडं सांगते, कारण ते आज्जीचं खातं. अधिक महिना सगळ्यांना माहीत असतो, जावयाला अनारसे द्यायचे असतात म्हणून तरी. चांद्रमास सौरमासापेक्षा लहान, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक चांद्रमास असा येतो ज्यात सूर्य राशीच बदलत नाही. तो अधिक. हे नेहमीचंच. पण हिवाळ्यात सूर्याची गती जास्त दिसते आणि सौरमास आखूड होतो. क्वचित असं घडतं की एकाच चांद्रमासात दोन संक्रांती येतात. मग एक महिना गाळावा लागतो आणि त्याच्या मागेपुढे दोन अधिक महिने पडतात. हा क्षयमास. पिढ्या जातात तरी येत नाही असा प्रकार, म्हणजे टेस्टिंगमध्ये कधीच न सापडणारी केस. भास्कराचार्यांनी त्याची यादीच दिली आहे. शके ९७४ ला होऊन गेला, आता १११५ ला येईल, मग १२५६ ला, मग १३७८ ला. बहुतेक वेळा १४१ वर्षांनी आणि कधी १९ वर्षांनी. हे लिहिताना शके १०७२ चालू होतं, म्हणजे स्वतः ते यातला एकही पाहू शकले नव्हते, आणि यादीतला पुढचा क्षयमास ४३ वर्षं लांब होता.

आपल्याकडचे शेवटचे दोन १९६३-६४ आणि १९८२-८३ चे. मोजा, १९ वर्षं. पुढचा २१२३-२४ मध्ये, म्हणजे १४१ वर्षांनी. आज्जीला दोन्ही आठवतात. पहिल्याच्या वेळी ती शाळेत होती आणि दुसऱ्याच्या वेळी सणवार, श्राद्धाच्या तिथ्या शोधताना घरातल्या बायकांच्या नाकी नऊ आले होते. १९८२ चं ते पंचांग तिने मुद्दाम ट्रंकेत जपून ठेवलं होतं. ते मला दाखवायला ती उठली आणि मग परत बसली. ट्रंक २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली.

तेवढं सांगूनच पुढे जाते. २००५ च्या पुरानंतर मामाने भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवली होती आणि सगळं महत्त्वाचं सामान तिच्या दोन हात वर, माळ्यावर ठेवायचं असा घरात नियम होता. पत्रिका, सात-बारा, लग्नाचे फोटो, पंचांगं, सगळं वर. २०१९ ला पाणी खुणेच्या वर गेलं, माळ्याच्याही वर गेलं. आज्जीला नावेतून बाहेर काढलं तेव्हा तिच्या हातात फक्त औषधांची पिशवी होती. हँडलर होता, पण तो आधीच्या पुरासाठी लिहिलेला होता.

आता लीलावतीची गोष्ट. ही तुम्ही ऐकली असेल. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत वैधव्य होतं, फक्त एका ठराविक क्षणी लग्न लागलं तरच ते टळणार होतं. तो क्षण मोजायला घटिकापात्र मांडलं. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. लीलावती कौतुकाने वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला एक मोती वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. वाटी बुडेचना. सगळे वाट बघत राहिले आणि मुहूर्त निघून गेला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला.

प्रोग्रॅमरच्या नजरेने ही फार भीतीदायक गोष्ट आहे. वाटी फुटली असती तर लगेच कळलं असतं. इथे काहीच फुटलं नाही. घड्याळ तरंगत होतं, शांत होतं, ठीक दिसत होतं, फक्त खोटं सांगत होतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये माझ्या पार्टनरने एक रिकामा कॅच ब्लॉक लिहून ठेवला होता. फाइल उघडली नाही तरी एरर दिसायची नाही, फक्त सगळ्यांची हजेरी शून्य यायची. तो मोती शोधायला हॉस्टेलवर दोन रात्री गेल्या.

पण गोष्ट खरी असावी का? ती पहिल्यांदा भेटते फैजीच्या फारसी भाषांतरात. अकबराच्या हुकमावरून त्याने १५८७ मध्ये लीलावतीचं भाषांतर केलं, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ ग्रंथात लीलावतीला हाक मारलेली आहे, पण तशी बाळ, मित्र, हरिणाक्षी अशा बऱ्याच जणांना मारलेली आहे. मला शंका येते ती आणखी एका कारणाने. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी घटिकापात्राबद्दल स्वतः लिहिलं आहे. ते वाटीचं वजनमाप देत बसत नाहीत. वाटी कशीही असो, ती एका दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि दिवसरात्रीला त्या आकड्याने भागा, म्हणजे तुमच्या वाटीचं माप मिळेल, असं सांगतात. आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनला कॅलिब्रेशन म्हणतो ते हेच. शिवाय सगळ्या यंत्रांची वर्णनं करून झाल्यावर बुद्धी हेच खरं यंत्र असंही ते म्हणतात. असा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात एकाच वाटीवर भरवसा ठेवून बसेल, हे मला पटत नाही. आज्जीला मात्र पटतं. तिचं म्हणणं, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न असतं तर त्यांनी दोन वाट्या ठेवल्या असत्या.

मुलीचा पुरावा नाही, मुलाचा आणि नातवाचा आहे. पाटणच्या देवळात एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. तो साधारण १२०७ चा. त्यात सगळी वंशावळ दिलेली आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला जैत्रपाल राजाने पाटणहून आपल्याकडे बोलावून घेतलं. त्याचा मुलगा चांगदेव, हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. (मुक्ताबाईंचे चांगदेव ते वेगळे.) या नातवाने पाटणला एक मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. म्हणजे खास एका लेखकाच्या पुस्तकांचं कॉलेजच. त्याच्या खर्चासाठी तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर थोडा थोडा हिस्सा लावून दिला होता. शिलालेख संस्कृतमध्ये आहे, पण शेवटचा बाजाराचा भाग जुन्या मराठीत. व्यवहाराचं बोलायची वेळ आली की मराठीच लागते! मी त्याचा फोटो मोठा करून वाचायचा प्रयत्न केला. मला काही जमलं नाही, आज्जीला चार शब्द लागले.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही प्रयोग केला. मामाने एका जुन्या स्टीलच्या वाटीला ड्रिलने एक मिलिमीटरचं भोक पाडून दिलं. मामीच्या बादलीत ती सोडली. पूर्ण दिवसरात्र मोजायचा धीर नव्हता, म्हणून एक तास मोजलं. सात वेळा बुडाली, म्हणजे एका बुडण्याला साधारण साडेआठ मिनिटं. मग माझ्या कानातल्यातला प्लास्टिकचा खोटा मोती भोकावर ठेवला. थोडा वेळ बसला, मग कडेने पाणी झिरपलं, मोती हलका होऊन बाजूला सरकला आणि वाटी दहा मिनिटांनी बुडाली. फैजीची गोष्ट गेली, असं मी जाहीर केलं. आज्जी आत गेली आणि तिच्या जुन्या पोतीतला काचेचा मणी घेऊन आली. तो जड होता. भोकावर घट्ट बसला.

अर्धा तास झाला तरी वाटी तरंगत होती. मग मामीला बादली हवी होती.